न दिसणाऱ्या यंत्रांची निगा

मोहाडी तालुक्यातील आंधळगाव हे आमचे गाव. भंडारा जिल्ह्यात ते ओळखले जाते कोशाच्या कापडासाठी. आमच्या घराच्या भिंतीला लागून एका कोष्टी विणकराचा खड्डामाग होता, आणि धोट्याच्या खटक्यावर आमचे पाढे पाठ झाले असे म्हटले तर ते फारसे अतिशयोक्त होणार नाही. तो माग त्या विणकराच्या आजोबांनी बसविलेला. मध्यंतरी फणी बदलली असेल, दोऱ्या कितीदा तरी बदलल्या असतील, पण माग तोच. पुढे पोटापाण्यासाठी आम्ही नागपूर केले, पुणे केले, आणि मागाऐवजी संगणकांच्या सेवेत पंचवीस वर्षे घालविली. या दोन यंत्रांत जो एक मोठा फरक आहे, त्याविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

निमित्त झाले ते असे. गेल्या उन्हाळ्यात गावी गेलो असता सेवा केंद्रापुढे सात-आठ माणसे ताटकळत उभी असलेली दिसली. कोणाला सातबारा हवा होता, कोणाला उत्पन्नाचा दाखला. आत बसलेला मुलगा अधूनमधून मान वर करून एवढेच सांगे, की सर्व्हर डाऊन आहे. रांगेतल्या एका वृद्ध बाईंनी आम्हांस ओळखले आणि विचारले, "बापू, तू त्याच कामात हायेस मनतेत. हा सर्व्हर रायते कुठं, अन् पडते कायले?"

प्रश्न अगदी नेमका होता. पंचवीस वर्षांत आमच्या वरिष्ठांनीही तो इतक्या सरळ शब्दांत विचारलेला आम्हांस आठवत नाही.

सर्व्हर कुठे राहतो, याचे उत्तर तसे सोपे आहे. डिजिटल सहीचा सातबारा महाराष्ट्रात २०१८ पासून मिळू लागला. आंधळगावात बोटाने कळ दाबली की ती मागणी तारेतून शेकडो कोसांवरच्या एका मोठ्या इमारतीत जाते. अशा इमारतीस डेटा सेंटर म्हणतात. आपल्या राज्यात मुंबईत, पुण्यात आणि विशेषतः नवी मुंबईच्या ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात त्यांची दाटी आहे. पनवेलजवळही २०२० साली एक प्रचंड केंद्र सुरू झाले. आत गेलात तर कपाटांच्या रांगा, कपाटांत एकावर एक रचलेली चपटी यंत्रे, आणि त्यांना थंड ठेवणाऱ्या वाऱ्याचा अखंड घोंगावणारा आवाज. माणूस क्वचितच दिसतो. एवढे पाहून झाले की मनुष्यास वाटते, आपण सर्व्हर पाहिला. वस्तुतः त्याने पाहिले ते केवळ लोखंड. ज्यात काम चालते ते यंत्र त्याच्या दृष्टीस पडलेच नाही, कारण ते दिसण्याजोगे नाहीच.

ही गोष्ट थोडी उलगडून सांगितली पाहिजे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० नावाचा मोठा संगणक आला. निरनिराळ्या संस्थांतील शास्त्रज्ञ छिद्रे पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे घेऊन तेथे येत आणि आपल्या पाळीची वाट पाहत. यंत्र एक, गिऱ्हाइके अनेक, ही अडचण जगभर होती. त्याच दशकात अमेरिकेतल्या केंब्रिज येथे आयबीएमच्या मंडळींनी एक युक्ती काढली. त्यांनी एका खऱ्या यंत्रावर असा एक कार्यक्रम चालविला, की तो प्रत्येक वापरणाऱ्यास 'हे संपूर्ण यंत्र तुझ्या एकट्याचे आहे' असा भास करून देई. १९७२ साली आयबीएमने ही युक्ती विक्रीस आणली. आभासी यंत्र जन्मास आले ते असे.

मग यंत्रे लहान आणि स्वस्त झाली, आणि युक्ती बरीच विस्मरणात गेली. प्रत्येक कामास एक स्वतंत्र सर्व्हर घेण्याची रीत पडली. पगारपत्रकाला एक, टपालाला एक, हिशेबाला एक. या यंत्रांची शेकडा दहा-पंधराहून अधिक ताकद क्वचितच वापरली जाई, वीज मात्र सगळीच खात. १९९८ साली व्हीएमवेअर ही कंपनी निघाली आणि तिने जुनी युक्ती साध्या, लहान यंत्रांवर बसविली. पाठोपाठ २००३ मध्ये झेन आले, आणि २००७ साली लिनक्सच्या गाभ्यातच केव्हीएम या नावाने ही सोय दाखल झाली.

वाड्याचा दाखला घेतला म्हणजे हे चटकन ध्यानात येईल. आठ खोल्यांच्या वाड्यात एकच म्हातारे जोडपे राहत होते. त्यांनी मधे भिंती घालून चार बिऱ्हाडे ठेविली. प्रत्येकाची चूल वेगळी, न्हाणी वेगळी, दाराला कुलूप वेगळे. एका बिऱ्हाडात भांडण झाले तर दुसऱ्याच्या भाताला करप लागत नाही. हा वाडा म्हणजे लोखंडी सर्व्हर, बिऱ्हाडे म्हणजे आभासी यंत्रे, आणि भिंती घालून भाडेकरूंचे पाणी-दिवे सांभाळणारा जो घरमालक, तो हायपरव्हायझर नावाचा कार्यक्रम. शिवाय येथे एक सोय अशी, की एखादे बिऱ्हाड चुलीवरच्या दुधासकट उचलून शेजारच्या वाड्यात नेऊन ठेवता येते, आणि बिऱ्हाडकरूला पत्ताही लागत नाही.

पण चार चुली म्हणजे चार ठिकाणचे सरपण. ही उधळपट्टी टाळण्यासाठी पुढचे पाऊल पडले ते कंटेनरचे. येथे बिऱ्हाड नाही, खानावळ आहे. स्वयंपाकघर एकच, म्हणजे यंत्राचा गाभा एकच. प्रत्येक गिऱ्हाइकाचे ताट आणि आपापली कुलूपबंद पेटी तेवढी स्वतंत्र. ताट मांडायला क्षण पुरतो, बिऱ्हाड थाटायला अर्धा दिवस लागतो. त्याची बीजे जुनी आहेत, १९७९ च्या युनिक्सपर्यंत ती मागे नेता येतात. परंतु सर्वसामान्य कारागिराच्या हाती ती आली २०१३ च्या मार्च महिन्यात, डॉकर या अवजाराच्या रूपाने.

कंटेनर हे नाव बंदरावरून आले आहे. १९५६ च्या एप्रिलात माल्कम मॅक्लीन या अमेरिकन वाहतूकदाराने अठ्ठावन्न पेट्या एका जहाजावर चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला धाडल्या, आणि जगाच्या व्यापाराची तऱ्हा बदलली. आपल्याकडे १९८९ साली सुरू झालेले न्हावाशेवा बंदर त्याच पेट्यांवर चालते. पेटीत कांदा आहे की कापड, याच्याशी क्रेनला कर्तव्य नसते. पेटीची लांबी-रुंदी आणि कोपऱ्यांवरच्या कड्या ठरल्या मापाच्या असल्या म्हणजे झाले. तसेच येथे. कार्यक्रम आणि त्याला लागणारे सगळे सामान एका ठरीव पेटीत भरले, की ती पुण्यात भरून मुंबईत उघडा, तशीच चालते. पेट्या दहा असतील तोवर माणूस त्यांच्यावर लक्ष ठेवील. दहा हजार झाल्या म्हणजे त्यांना मुकादम लागतो. कोणती पेटी कोणत्या यंत्रावर ठेवावयाची, एक बंद पडली तर तिच्या जागी दुसरी केव्हा उभी करावयाची, हे पाहणारा कुबर्नेटीस नावाचा मुकादम गूगलने २०१४ साली सर्वांसाठी खुला केला. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा तांडेल असा आहे.

इतके सगळे उत्तम असता सर्व्हर पडतो कशाला?

'सर्व्हर डाऊन' या दोन शब्दांत निरनिराळी दुखणी दडलेली असतात. कधी रस्त्याच्या खोदकामात तार तुटते. कधी महिन्याच्या शेवटी सगळा महाराष्ट्र एकदम दाराशी येतो. ही दुखणी कोणासही समजतात. आम्हांस बोलावयाचे आहे ते यांहून चोरट्या दुखण्याविषयी, आणि येथेच मागाचा व संगणकाचा फरक आडवा येतो. आजोबांचा माग नातवाला पुरतो. कुबर्नेटीसच्या मात्र वर्षाला तीन नव्या आवृत्त्या निघतात, आणि प्रत्येकीची देखभाल तिचे कर्ते सुमारे चौदा महिने करतात. पुढे ती आवृत्ती अनाथ होते. म्हणजे वर्षातून एकदा तरी तुम्हाला हलावेच लागते. बरे, हलायचे तेही आवृत्ती आवृत्तीने. तिसरीतल्या मुलास सहावीत बसविता येत नाही, तसे येथे मधल्या इयत्ता गाळता येत नाहीत. जो दोन वर्षे स्वस्थ बसला, त्याच्या पुढे सहा पायऱ्या एकदम उभ्या राहतात.

कोणी म्हणेल, हा निव्वळ व्यापाऱ्यांचा कावा आहे. जुने चालत असता नवे गळ्यात मारण्याची ही रीत. या म्हणण्यात थोडे तथ्य आहे, आणि त्याकडे आम्ही येणारच आहोत. पण मूळ कारण निराळे आहे. मागावर कोणी हल्ला करीत नाही. धोट्याची एखादी जागा कच्ची आहे हे शेजारगावच्या चोरास कळले, तरी त्याने तो विणकराच्या घरी शिरू शकत नाही. संगणकाच्या कार्यक्रमात मात्र एक कच्ची जागा उघडकीस आली, की ती जगातल्या सर्व चोरांस एकाच दिवशी कळते, आणि त्या आवृत्तीच्या सर्व घरांस एकाच प्रकारची फट असते. कर्ते मंडळी लगोलग ठिगळ तयार करतात. पण ठिगळ जाहीर करणे म्हणजे फट कुठे आहे तेही जाहीर करणे होय. त्या क्षणापासून शर्यत लागते, ठिगळ लावणाऱ्याची आणि चोराची.

व्हीएमवेअरच्या हायपरव्हायझरमधील अशा एका फटीवरचे ठिगळ २०२१ च्या फेब्रुवारीत निघाले. २०२३ च्या फेब्रुवारीत, म्हणजे बरोबर दोन वर्षांनी, जगभर तीन हजारांहून अधिक यंत्रे त्याच फटीतून कुलूपबंद केली गेली आणि मालकांकडे खंडणी मागण्यात आली. दोन वर्षे ठिगळ हाताशी होते! आणि हल्ला घरमालकावरच झालेला असल्यामुळे वाड्यातली सगळी बिऱ्हाडे एका रात्रीत रस्त्यावर आली. सोयीची ही दुसरी बाजू आहे. एका यंत्रात वीस यंत्रे मावतात, तेव्हा एका चुकीत वीस यंत्रे बुडतात. खानावळीचे तर विचारूच नका. २०१९ च्या फेब्रुवारीत कंटेनर चालविणाऱ्या मूळ कार्यक्रमातच अशी एक खोट सापडली, की ताटावर बसलेला लबाड पाहुणा थेट स्वयंपाकघराचा ताबा घेऊ शकत होता.

आपल्या अधिक जवळचे उदाहरण द्यावयाचे तर २०२४ च्या जुलैचे. देशातल्या सहकारी आणि ग्रामीण बँकांचे संगणकी काम पाहणाऱ्या एका कंपनीवर खंडणीखोरांचा हल्ला झाला. ३१ जुलैस राष्ट्रीय देयके महामंडळाने खबरदारी म्हणून तिचा संबंध तोडला, आणि सुमारे तीनशे लहान बँकांच्या खातेदारांचे पैसे देणे-घेणे थबकले. दुसऱ्या दिवशी ते पूर्ववत झाले. चोर शिरला कोठून, याचा अभ्यास करणाऱ्या एका सुरक्षा-संशोधन संस्थेने असे मत दिले, की दुसऱ्याच एका भागीदार कंपनीकडील जेन्किन्स या अवजाराची मांडणी ढिसाळ राहिली होती, आणि त्यातली फट जानेवारीतच जाहीर झालेली होती. नव्या आवृत्तीचे कार्यक्रम बांधून जागच्या जागी पोचविण्याचे काम हे अवजार करते. ज्या तीनशे बँकांची दारे बंद झाली, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या चिटणिसांनी जेन्किन्स हे नाव त्यापूर्वी ऐकलेही नसेल. परक्याच्या घरातल्या एका न लावलेल्या ठिगळापायी आपल्या गावच्या माणसाचे पैसे अडावेत, अशी ही गुंतागुंत आहे.

यावर कोणी असा निष्कर्ष काढील, की ठिगळ आले रे आले की त्याच घटकेस लावून मोकळे व्हावे. तसेही नाही. त्याच जुलैची १९ तारीख आठवा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा पुरविणाऱ्या कंपनीने पाठविलेली एक सदोष दुरुस्ती आपोआप लागू झाली, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने पंच्याऐंशी लाख यंत्रे निळी पडून बसली. आपल्याकडील काही विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. मागे राहणारा बुडतो आणि डोळे मिटून पुढे धावणाराही आपटतो. म्हणून निगा राखणाऱ्याचे कौशल्य असते ते तालात, घाईत नव्हे. दुरुस्ती आधी दुय्यम यंत्रावर लावून पाहावयाची, ती तेथे पचली म्हणजे मुख्य यंत्रावर न्यावयाची, आणि मागे फिरण्याची वाट उघडी ठेवावयाची.

आता व्यापाऱ्यांविषयी. २०२० च्या डिसेंबरात सेंटओएस या फुकट मिळणाऱ्या लिनक्सच्या चालकांनी जाहीर केले, की तिची आठवी आवृत्ती २०२९ पर्यंत नव्हे, तर २०२१ च्या अखेरीसच संपेल. आठ वर्षांचा वायदा एका निवेदनात गेला. कित्येक महाविद्यालये, पतसंस्था, लहान कंपन्या तिच्यावर विसंबून होत्या. पुढे २०२३ च्या नोव्हेंबरात व्हीएमवेअर ही कंपनी ब्रॉडकॉमने विकत घेतली, आणि त्याच डिसेंबरात एकदा पैसे भरून कायमचा परवाना घेण्याची पद्धत बंद झाली. यापुढे दरसालचे भाडे. घर विकत घेतले असे ज्यांस वाटत होते त्यांना कळले, की जुन्या खोल्यांत राहा, पण छप्पर शाकारून हवे असेल तर भाडेकरू व्हा. मालकाच्या दृष्टीने हा व्यवहार असेल. लहान संस्थेच्या दृष्टीने ती कोंडी होती. अनेकांनी केव्हीएमसारख्या मुक्त साधनांकडे मोर्चा वळविला. आमच्या मते ते योग्यच झाले, मात्र मुक्त म्हणजे फुकट या समजुतीने जो गेला तो फसला. मुक्त साधनास परवान्याचे पैसे पडत नसले तरी जाणकार माणसाचा पगार पडतो, आणि आमच्या संस्था यंत्रावर चार लाख सहज खर्च करतील, पण माणसावर वर्षाला चाळीस हजार खर्चावयाचे म्हटले की कार्यकारी मंडळाची बैठक तहकूब होते.

ही टीका आम्ही बाहेरून करीत नाही. विदर्भातल्याच एका पतसंस्थेचे संगणकी काम आम्ही काही वर्षे सल्लागार या नात्याने पाहिले. २०१४ साली तेथे एक चांगला सर्व्हर घेतला गेला. त्यावर पाच आभासी यंत्रे बसविली, फीत कापली, पेढे वाटले. पुढे प्रतिवर्षी आम्ही एक पत्र देत असू, की आवृत्ती मागे पडत चालली आहे, एक रविवार द्या. प्रतिवर्षी उत्तर ठरलेले, 'चालते आहे ना? मग कशाला हात लावता?' खरे सांगायचे तर तिसऱ्या-चौथ्या वर्षानंतर आम्हीही ते पत्र जुन्याची नक्कल करून, फक्त तारीख बदलून देऊ लागलो होतो. दोष आमचाही आहे.

२०२३ च्या पावसाळ्यात एका रात्री वीज गेली आणि आली, आणि त्या झटक्यात सर्व्हर जळाला. नवे यंत्र दोन दिवसांत आले. पण जुनी आवृत्ती त्याला ओळखीना, कारण ते तिच्या जन्मानंतरचे. आणि नवी आवृत्ती जुन्याचा कारभार थेट हाती घेईना, मधल्या आवृत्तीची पायरी घेऊन या म्हणे. त्या मधल्या आवृत्तीची देखभाल केव्हाच संपली होती. तिची प्रत शोधण्यात एक दिवस गेला. परवलीचा शब्द माहीत असलेले गृहस्थ २०१९ सालीच निवृत्त होऊन मुलाकडे बंगळूरला गेले होते. खिडकीपुढे रांग, आत लिपिक पासबुकात हाताने नोंदी करीत आहेत, आणि एका शेतकऱ्यास बियाण्याच्या उधारीसाठी स्वतःचीच ठेव काढता येत नाही, हे दृश्य आम्ही पाहिले. पेरणीचे दिवस कोणासाठी थांबत नाहीत. पाचव्या दिवशी संध्याकाळी खाती उघडली. एका महिन्याच्या नोंदी कागदांवरून पुन्हा भराव्या लागल्या, कारण सुरक्षित प्रत म्हणून जी ठेवली जात होती ती त्याच यंत्राच्या दुसऱ्या तबकडीवर होती, आणि तीही गेली.

आंधळगावच्या त्या बाईंना आम्ही सेवा केंद्रापुढे एवढे सगळे सांगितले नाही. दूर मुंबईकडे मोठमोठी यंत्रे आहेत, त्यांच्या आत न दिसणारी आणखी यंत्रे आहेत, आणि त्यांना दर काही दिवसांनी खाली बसवून डागडुजी करावी लागते, इतकेच सांगितले. त्या म्हणाल्या, "मंग आधी सांगाव नं, अमक्या दिवशी येऊ नोका मनून." डागडुजीची वेळ आधी जाहीर करावी, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम त्यांनी न शिकता सांगितला! दुर्दैवाने सेवा केंद्राच्या भिंतीवर वधूवरसूचक मंडळाची जाहिरात लागते, पण अमुक रात्री दहा ते दोन सेवा बंद राहील असा कागद आम्ही अद्याप पाहिलेला नाही.

त्या पतसंस्थेत आता महिन्याचा दुसरा रविवार राखून ठेवलेला आहे. एक जुने यंत्र तालमीसाठी ठेवले आहे. नवी दुरुस्ती आधी त्यावर चढते, आठ दिवस तेथेच राहते, आणि मग मुख्य यंत्रावर जाते. खात्यांची एक प्रत दररोज दुसऱ्या गावच्या शाखेत पाठविली जाते, आणि तीन महिन्यांतून एकदा ती खरोखर उघडून पाहिली जाते. गेल्या वर्षी अशा उघडण्यात दोनदा अपयश आले, पण ते रविवारी आले. चिटणीस हे साठीचे गृहस्थ असून संगणकाशी त्यांचा स्नेह बेताचाच आहे. त्यांनी एक लांब खतावणी केली आहे. डाव्या रकान्यात कार्यक्रमाचे नाव, मध्ये आवृत्ती, उजवीकडे तांबड्या शाईने तिच्या देखभालीची शेवटची तारीख. व्हीएमवेअरच्या सातव्या आवृत्तीपुढे २ ऑक्टोबर २०२५ असे लिहिलेले होते, आणि त्याखाली पेन्सिलीने, दसरा त्याच दिवशी, काम सप्टेंबरातच उरकणे.